मशीन दात खातंय

मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र कधी गप्प बसत नाही. आमच्या लॅबमधलं तर वर्षातले जवळजवळ सगळे दिवस, चोवीस तास चालू असतं, आणि चालू आहे तोवर बोलत असतं. टेबलाखालचा रोटरी पंप घरघरतो. आतला टर्बो पंप एका सुरात बारीक शीळ घालतो. बाजूचा नायट्रोजन जनरेटर ठरावीक वेळाने ‘फुस्स’ करून श्वास सोडतो. पंखे भणभणतात. ऑटोसॅम्पलरचा हात एका बाटलीवरून दुसरीवर सरकतो तेव्हा ‘झुईं-टक’ होतं. बाहेरून आलेल्या माणसाला हे सगळं मिळून एकच गोंगाट वाटतो. पण तिथे दोन हंगाम काढलेल्या माणसाला त्यातला एखादा आवाज बदलला, तर मागून कोणी खांद्यावर हात ठेवल्यासारखं होतं.

मी अशा लॅबमध्ये काम करते. द्राक्षांमधले कीटकनाशकांचे अंश तपासणं हे आमचं हंगामातलं मुख्य काम. मला इथे जो प्रश्न विचारायचा आहे तो वरवर मेंटेनन्सचा वाटेल, पण माझ्या मते तो नीतीचा आहे. यंत्राचे सगळे आकडे बरोबर आहेत आणि फक्त आवाज बदललाय. अशा वेळी तो आवाज ज्याच्या कानावर पडला त्याच्यावर काही जबाबदारी येते का? येत असेल, तर नेमकी कसली?

आधी यंत्राबद्दल थोडं. मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा वजनकाटा आहे. द्राक्षाच्या अर्कातल्या रेणूंना विद्युतभार द्यायचा, ते निर्वात पोकळीत सोडायचे आणि वस्तुमान-भार यांच्या गुणोत्तरावरून ओळखायचे. ही पोकळी साधीसुधी नसते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या कोट्यंशाहूनही कमी ठेवावा लागतो, नाहीतर आपला रेणू हवेच्या रेणूंवर आपटत भलतीकडेच जातो. म्हणून दोन पंप लागतात. रोटरी पंप ढोबळ हवा काढतो आणि उरलेली टर्बो पंप काढतो. टर्बोची पाती मिनिटाला साठ हजारांच्या आसपास फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला हजार. ती शीळ याच वेगाची असते.

एवढा खटाटोप कशासाठी? युरोपात ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याच्यासाठी सरसकट मर्यादा आहे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. एवढ्याशा गोष्टीवर नाशिक, सांगली, पुण्याकडच्या एखाद्या बागेचं वर्ष ठरतं. नमुना पास झाला तर माल युरोपला, नाही झाला तर दुसऱ्या बाजारात, मिळेल त्या भावाला.

गंमत अशी की ‘नॉइज’ हा शब्द आमच्या धंद्यात आधीपासून आहे, पण वेगळ्या अर्थाने. स्क्रीनवरच्या आलेखात तळाशी जी बारीक थरथर दिसते तिला नॉइज म्हणतात. पदार्थाचं शिखर त्या थरथरीच्या तिप्पट उंच असेल तर तो ‘सापडला’ म्हणायचं, दहापट असेल तर त्याचं प्रमाण सांगायचं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे विजेच्या नॉइजसाठी आमच्याकडे गणित आहे. कानाला ऐकू येणाऱ्या आवाजासाठी मात्र लॉगबुकात साधा रकानाही नव्हता.

* * *

मराठी भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. घरघर, खरखर, करकर, किरकिर, कुरकुर, चरचर, भुणभुण, सळसळ, गुडगुड, खडखड, टकटक. यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या बाबतीत प्रत्येकाचा अर्थही वेगळा निघतो.

रोटरी पंप गुडगुडतो तेव्हा त्याच्याकडे नेहमीपेक्षा जास्त हवा येत असण्याची शक्यता असते. कुठेतरी गळती आहे किंवा गॅस बॅलास्टची चावी उघडी राहिली आहे. उलट, खेचायला हवाच उरली नाही की आतलं तेल आपटून टकटक करतं. ते ऐकायला भीतीदायक असलं तरी बहुतेकदा काही बिघडलेलं नसतं. फवाऱ्याच्या सुईजवळ चरचर झाली तर तिथे उच्च दाबाची वीज ठिणगी टाकत असू शकते. सतत फुसफुस म्हणजे कुठलातरी नायट्रोजनचा जोड सैल. मंद खडखड म्हणजे अनेकदा पंख्यात अडकलेली धूळ, किंवा नुसतं पंपाला टेकलेलं कपाटाचं दार. आवाज लाटांसारखा वाढत-ओसरत असेल, तर जवळपास सारख्या वेगाने फिरणारे दोन पंप एकमेकांत मिसळत असतात. आणि टर्बोच्या स्वच्छ शिळेत खरखर मिसळली, तर बेअरिंगचा संशय घ्यायचा.

शोधायची पद्धत जुनीच आहे, गॅरेजमधली. एसी बंद करायचा. बाजूची उपकरणं एकेक करून थांबवायची आणि आवाज कशाबरोबर जातो ते बघायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. हलणाऱ्या भागांपासून केस आणि ओढणी लांब ठेवायची. कान जिथे सर्वांत स्पष्ट सांगेल तिथे थांबायचं.

आता गंमत बघा. हे सगळं केल्यावर लॉगबुकात काय लिहिलं जातं? ‘अ‍ॅबनॉर्मल साउंड ऑब्झर्व्ह्ड. इंजिनियर इन्फॉर्म्ड.’ गुडगुड, चरचर आणि खरखर, तिन्ही या एका वाक्यात बुडतात. मग इंजिनियरचा फोन येतो. तो दुसऱ्या शहरात असतो आणि विचारतो, “मॅडम, आवाज कैसा है?” एमएस्सी झालेली बाई मग फोनवर तोंडाने ‘खर्रर्र-खर्रर्र’ करून दाखवते आणि पलीकडून तोही करून बघतो, “ऐसा, या ऐसा?” ऐकणाऱ्याला हसू येईल. मला मात्र वाटतं, अख्ख्या दिवसातलं सर्वांत प्रामाणिक वैज्ञानिक संभाषण तेच असतं.

फोन थेट यंत्राजवळ नेला तरी फारसं साधत नाही. आपले फोन कॉलवर सतत येणारा पार्श्वभूमीचा आवाज दाबतात. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकीचं ‘नॉइज’ समजून काढून टाकायचं, असं ते शिकलेले असतात. त्यामुळे जे ऐकवण्यासाठी फोन केला नेमकं तेच पलीकडे पोहोचत नाही. पोहोचते फक्त माझी ‘ऐकलंत का? ऐकलंत का?’ ही हाक.

* * *

फेब्रुवारीतली गोष्ट. हंगाम ऐन भरात होता. चाळीसेक नमुने रांगेत होते आणि त्यातल्या बऱ्याच बागांमधले घड उतरवायला आलेले होते. रिपोर्ट आल्याशिवाय निर्यातीची तोड सुरू होत नाही. वरून आभाळ भरून यायला लागलं होतं. ऐन तोडणीला अवकाळी पाऊस आला तर मणी तडकतात, हे त्या भागात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

सकाळी साडेसातला लॅब पुसायला येणाऱ्या मावशी मला दारातच म्हणाल्या, “मॅडम, तुमचं मशीन दात खातंय.”

मी आत गेले. एसी चालू होता. मला नेहमीचंच ऐकू येत होतं. मावशींनी पुसायच्या वेळी एसी बंद ठेवलेला असतो हे लक्षात आलं, तो बंद केला आणि उभी राहिले. मिनिटभराने आलं. शिळेच्या आत, फार खोलवर, झोपेत दात खाणाऱ्या मुलासारखी बारीक करकर. थोडा वेळ यायची, मग जायची.

आकडे बघितले. पोकळीचा दाब नेहमीसारखा. टर्बोचा वेग शंभर टक्के, विजेची ओढ किंचित वाढल्यासारखी, पण मर्यादेच्या खूप आत. रात्रीच्या बॅचचे क्वालिटी कंट्रोलचे नमुने तपासले. माहीत असलेलं प्रमाण टाकलं तर 70 ते 120 टक्के परत मिळायला हवं. आमचं नव्वदीच्या घरात होतं. सगळं पास.

आमचे सर आले. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, खरंच कान लावून ऐकलं, आणि म्हणाले, “हो, काहीतरी आहे. पण यंत्र थांबवायला कारण काय लिहू? आवाज?”

सर खलनायक नाहीत. त्यांचं गणित साफ होतं. यंत्र थांबवायचं म्हणजे नुसतं बटण दाबायचं नसतं. टर्बोची पाती मंदावू द्यायची, मग हवा आत सोडायची, दुरुस्ती करायची, पुन्हा पोकळी तयार करायची, रात्रभर स्थिर होऊ द्यायची, मग कॅलिब्रेशन. सगळं सुरळीत झालं तरी एक दिवस गेला. चाळीस शेतकऱ्यांचा एक दिवस, तोही आभाळ भरलेलं असताना, आणि कशाच्या आधारावर? तर मावशींना मशीन दात खाताना ऐकू आलं.

माझंही गणित साफ होतं. टर्बोचं बेअरिंग धावता-धावता गेलं तर पाती आतल्या आत मोडतात. मग प्रश्न एका दिवसाचा राहत नाही. नवा पंप यायला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि चाळीसच्या चाळीस नमुने दुसऱ्या लॅबला हलवावे लागतात, जिथे आधीच रांग असते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. खोटा रिपोर्ट जाण्याची भीती नव्हती. यंत्राची संवेदनशीलता घसरली असती तर क्वालिटी कंट्रोलने ते पकडलं असतं. म्हणजे हा खऱ्या-खोट्याचा प्रश्न नव्हता. एका बाजूला थोड्यांचं लहान पण नक्की नुकसान, दुसऱ्या बाजूला सगळ्यांचं मोठं पण अनिश्चित नुकसान. आणि दोहोंच्या मधे पुरावा म्हणून एक करकर.

* * *

अशा वेळी मला न्यायदर्शन आठवतं. कॉलेजात एका हौशी मित्राच्या नादाने अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ थोडा वाचला होता. त्यात शब्दाचे, म्हणजे ध्वनीचे, दोन प्रकार सांगितलेत. एक ध्वन्यात्मक, ढोल-नगाऱ्यातून येतो तसा. दुसरा वर्णात्मक, भाषेतला. यंत्राची करकर पहिल्या प्रकारची. ‘मशीन दात खातंय’ हे वाक्य दुसऱ्या प्रकारचं. त्या सकाळी पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर मावशींनी केलं होतं, आणि माझ्या मते दिवसभरातलं सर्वांत अवघड काम तेच होतं. बाकीचं आम्ही नुसतं पुढे नेलं.

याच परंपरेत विश्वसनीय माणसाच्या शब्दाला ज्ञानाचं साधन मानलंय. तो माणूस आप्त. पण आप्त कोण? ज्याला गोष्ट जशी आहे तशी कळते आणि जो ती तशीच सांगतो, तो. यात पदवीची अट नाही. आमच्या लॅबच्या कागदपत्रांत मात्र यंत्राबद्दल बोलायचा अधिकार कोणाला आहे याची सही-शिक्क्यानिशी यादी आहे, आणि मावशी त्या यादीत नाहीत. यादी असणं चूक नाही. वाटेल त्याने यंत्राला हात लावू नये हे बरोबरच आहे. पण हात लावायचा अधिकार आणि ऐकलेलं सांगायचा अधिकार या दोन गोष्टी आपण नकळत एक करून टाकतो. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी 2007 सालच्या पुस्तकात अशा अन्यायाला नाव दिलंय: सांगणारा कोण आहे ते बघून त्याच्या सांगण्याची किंमत कमी करणं. त्यात सांगणाऱ्याचं नुकसान होतं, हे त्यांचं मुख्य म्हणणं. आमच्यासारख्या ठिकाणी ऐकणाऱ्याचंही होतं.

न्यायदर्शनातली दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. धूर दिसला की अग्नी आहे म्हणायचं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही सांगड पक्की आहे. करकर आणि बेअरिंग यांची सांगड तशी पक्की नाही. करकर कपाटाच्या दाराचीही असू शकते. म्हणजे आमच्याकडे अनुमान नव्हतं, फक्त संशय होता. पण गौतमांनी जे सोळा पदार्थ मांडले त्यांत संशय तिसरा आहे. प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच नंतर. संशय म्हणजे ज्ञानाचा अभाव असं समजून त्याला बाहेर बसवलेलं नाही. विचाराची सुरुवात तिथून होते म्हणून त्याला सभेत मानाची जागा आहे.

आमच्या फॉर्मवर दोनच चौकोन असतात, ‘पास’ आणि ‘फेल’. संशयाला चौकोन नाही. चौकोन नसला की माणूस संशय डोक्यात ठेवतो, आणि डोक्यात ठेवलेला संशय दोन दिवसांत सवय होऊन जातो.

* * *

या सवयीबद्दल एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत कोसळलं आणि सात जण गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत कडक झाली होती. आधीच्या काही उड्डाणांनंतरही अशा कड्या झिजलेल्या सापडल्या होत्या. पण यान सुखरूप परतलं होतं, म्हणून दर वेळी ती झीज ‘चालण्यासारखी’ ठरत गेली. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1996 सालच्या पुस्तकात या प्रक्रियेचा माग काढला. त्यांचं म्हणणं असं की कोणी नियम धाब्यावर बसवून ठरवून केलेला तो अपराध नव्हता. विचित्र गोष्ट थोडी-थोडी करत नेहमीची होत गेली.

आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या काही अभियंत्यांनी उड्डाणाला विरोध केला होता. त्यांतल्या रॉजर बोजोले यांना त्यांची भीती आकड्यांत मांडायला सांगितलं गेलं. पुढे त्यांनी चौकशीत सांगितलं की त्यांना ती तशी मांडता येत नव्हती. एवढंच माहीत होतं की गोष्टी चांगल्याच्या उलट दिशेला चालल्या आहेत.

द्राक्षाच्या लॅबची आणि त्या अपघाताची तुलना होऊ शकत नाही. आमच्याकडे कोणाचा जीव जात नव्हता. पण त्या रात्रीचा प्रश्न आणि आमच्या सरांचा प्रश्न एकाच जातीचा आहे: “थांबवायला कारण काय लिहू?” चालू ठेवायला कारण लिहावं लागत नाही. थांबवायला लागतं. नेहमीच्या काळात ही व्यवस्था सोयीची असते, कारण दर वेळी थांबून चालणार नाही. पण तिच्यामुळे सिद्ध करण्याचं सगळं ओझं शंका घेणाऱ्यावर पडतं, आणि शंकेजवळ तर पुरावा नसतोच. असता तर तिला शंका कशाला म्हटलं असतं?

आमच्या धंद्यातही अशी एक आठवण आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ आवरायला वापरायचं औषध. इथल्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतंच. इथली यंत्रं गप्प होती, कारण त्यांना ते कोणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर यादीत ते आलं. प्रत्येक यादी ही आधी कोणीतरी खाल्लेल्या ठेचेची आठवण असते, आणि पुढची ठेच तिच्या बाहेरच असते.

* * *

आम्ही काय केलं ते सांगते, पण त्याआधी तुम्ही तुमचं ठरवा. थांबवाल की चालू ठेवाल? हे आधी विचारण्याचं कारण असं की पुढे काय निघालं हे कळलं की आपला न्याय बदलतो. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी 1976 मध्ये यालाच ‘मॉरल लक’ म्हटलं. नशीब निकाल ठरवतं, आणि आपण निकाल बघून माणसाला शहाणा किंवा मूर्ख ठरवतो.

सर तासभर विचार करत होते. मग म्हणाले, “चालू असलेली बॅच संपू दे. दर पाच नमुन्यांनंतर एक क्वालिटी कंट्रोल लाव. संध्याकाळी थांबवू. आणि ज्यांचा नमुना रांगेत आहे त्यांना फोन करा. कारण खरं सांगा.”

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्यांना मानते. ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ असं मोघम सांगता आलं असतं. चाळीस लोकांना ‘मशीनचा आवाज बदललाय’ हे सांगणं लॅबच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं.

फोन मी आणि अजून एका मुलीने वाटून केले. काही जण चिडले. एक जण म्हणाले, “आवाज येतोय म्हणून थांबता? मग आमचं पण ऐका की, ढग गडगडतायत.” त्यांनी नमुना दुसऱ्या लॅबला द्यायचा ठरवला, आणि तो त्यांचा हक्कच होता. मात्र निफाडकडच्या एका काकांशी झालेलं बोलणं मी विसरणार नाही. मी बेअरिंग, पोकळी असं काही समजवायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं. “करकर कशी आहे? चालू झाल्यावर येती का तापल्यावर?” त्यांच्या फवारणीच्या ब्लोअरचं बेअरिंग गेल्या वर्षी असंच गेलं होतं. “मोटर असो नाहीतर ब्लोअर, जायच्या आधी आवाज बदलतोच मॅडम. बघा एक दिवस. पाऊस आला तर आला, तो काय तुमच्या हातात आहे?”

आम्हाला वाटत होतं की आवाज हे कारण सामान्य माणसाला पटणार नाही, त्याला आकडा लागेल. प्रत्यक्षात ज्याचं आयुष्य यंत्रांवर चालतं आणि ज्याच्याजवळ यंत्र मोजायचं यंत्र नाही, त्याला हे कारण लगेच कळलं. आकडा आम्हाला लागत होता.

इंजिनियर दुसऱ्या दिवशी आला. पंप उघडला, पात्यांना बोटाने हलकेच फिरवलं, कान लावला. बेअरिंगची झीज सुरू झाली होती, ते बदललं. मी विचारलं, तसंच चालू ठेवलं असतं तर किती चाललं असतं? तो हसला. “दो महिना, या दो घंटा. कोई नहीं बता सकता.”

आणि पाऊस आला नाही. ढग आले आणि गेले.

म्हणजे बघा, निकाल आमच्या बाजूनेही लागला नाही आणि विरुद्धही नाही. बेअरिंग कदाचित हंगामभर टिकलं असतं, आणि मग आमचा तो दिवस वाया गेला असं म्हणता आलं असतं. पाऊस आला असता तर आमच्यामुळे चार-पाच बागांचा माल तडकला असता, आणि बेअरिंग खराब निघूनही आम्ही दोषी ठरलो असतो. पण दोन्ही गोष्टी त्या सकाळी आम्हाला माहीत नव्हत्या. त्या सकाळी फक्त करकर माहीत होती.

त्यावरून मी एवढंच काढलंय. आवाज ऐकणाऱ्याची जबाबदारी बरोबर ठरण्याची नसते. ती त्याच्या हातातच नाही. त्याची जबाबदारी ऐकलेलं पुढे पोहोचवण्याची आहे, शक्य तितकं मूळच्या रूपात, आणि ज्याला त्याचे परिणाम भोगायचे आहेत त्याच्यापर्यंत. मावशींनी मला सांगितलं, मी सरांना, सरांनी शेतकऱ्यांना. या साखळीत कोणीही ‘माझ्यापाशी आकडा नाही’ म्हणून थांबू शकलं असतं. निर्णय चुकला असता तरी ही साखळी चूक नव्हती. आणि निर्णय बरोबर येऊनही साखळी तुटलेली असती, तर तो निव्वळ नशिबाचा भाग झाला असता.

* * *

याला एक खरा आक्षेप आहे. ‘लांडगा आला रे आला’ ची गोष्ट आपल्याला लहानपणीच शिकवतात. प्रत्येक कुरकुर पुढे पोहोचवली तर कोणीच कशाकडे लक्ष देणार नाही. यंत्र जुनं होतं, सूर बदलतो, आणि रोज हातातलं काम सोडून कान लावून बसणारा माणूसही नुकसानच करतो. हे मला मान्य आहे.

पण त्या गोष्टीतला मुलगा खोटं बोलत होता. ज्याला खरंच काहीतरी ऐकू आलं त्याला ती गोष्ट लागू करणं अन्याय आहे. त्याला दुसरी गोष्ट शिकवायला हवी: आवाज आणि आवाजातला बदल यांतला फरक. बदल कळायला नेहमीचं माहीत हवं. आणि नेहमीचं कान देऊन ऐकायला आपण शिकत नाही, कारण त्यात काही घडत नसतं. आमच्याकडची नवी मुलं कानात इअरबड्स घालून बसतात. मी त्यांना दोष देत नाही. दिवसभरच्या त्या घरघरीने डोकं उठतं, मीही घालते. फक्त सकाळी यंत्राजवळ पोहोचल्यावर एसी बंद करून एक मिनिट ते काढून ठेवायचे, एवढं आम्ही ठरवलं.

आणि लॉगबुकात एक रकाना वाढवला. ‘आवाज’. तो मराठीत लिहायचा, कारण इंग्रजीत आम्हाला तेवढे शब्द येत नाहीत. पहिल्या ऑडिटला ऑडिटरने त्यावर बोट ठेवलं. हा वस्तुनिष्ठ पुरावा नाही, म्हणाले. सर म्हणाले, बरोबर आहे, ही शंका आहे. रकाना राहिला.

आता त्याची वेगळीच काळजी वाटते. बहुतेक दिवशी तिथे ‘रोजच्यासारखा’ असं लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्याने खरंच मिनिटभर ऐकलं की मागच्या ओळीवरून उतरवलं, हे मला ओळखता येत नाही. सवयीपासून वाचायला केलेला रकाना स्वतःच सवय होत चाललाय. यावर माझ्याकडे उपाय नाही. रकान्याला कान नसतात, ते ज्याचे त्याने आणायचे असतात.

गेल्या आठवड्यात मात्र एका नव्या मुलाने तिथे लिहिलं: ‘बुलेट थंडीत चोक देऊन चालू केल्यासारखा. डावा रोटरी पंप. नक्की माहीत नाही.’

मी ते वाचलं आणि एसी बंद करायला उठले.